जुन्या ४८६ मदरबोर्डाला कोणता एसएमपीएस लावावा?

तेरणाकाठ

सर्वांना नमस्कार. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जो भूकंप झाला, त्यात आमचे गाव गेले. जी ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली, त्यांपैकी आमचे एक. नव्या गावात घरे सरळ रस्त्यांवर, ओळीने उभी राहिली. पण जुन्या गावात कोणाच्या वाड्याची भिंत कोणाच्या माळवदाला लागून होती, कोणत्या बोळातून आडाकडे जाता येत असे, हे सांगणारी माणसे एकेक करून कमी होत गेली. म्हणून वडिलांनी १९९६ मध्ये एक वापरलेला संगणक विकत घेतला आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून जुन्या गावाची गल्लीवार यादी त्यात देवनागरीत टंकली. या कामाला त्यांना सहा वर्षे लागली. त्यानंतर यंत्र बंद पडले आणि पत्र्याच्या पेटीत गेले, ते मागच्या महिन्यात मी बाहेर काढले.

यंत्रात ४८६ डीएक्स२-६६ या जुन्या प्रोसेसरचा मदरबोर्ड, ५४० एमबीची हार्डडिस्क आणि पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड आहे. डॉस या जुन्या कार्यप्रणालीत देवनागरी दिसते ती या कार्डामुळेच. बोर्ड वरून स्वच्छ दिसतो. मूळ एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा, मात्र उघडला तेव्हा आत उंदराचे घर होते आणि पत्रा मुताने गंजून खाल्लेला होता. माझ्याकडे २००८ च्या सुमाराचा एक चालू एसएमपीएस आहे, ४५० वॉटचा, चोवीस पिनांच्या एका जोडाचा. बोर्डावर मात्र बारा पिनांची एक लांब ओळ असून जुन्या एसएमपीएसमधून तिला सहा-सहा पिनांचे दोन जोड येतात. हा नवा एसएमपीएस या बोर्डाला चालेल का, त्यासाठी काय करावे लागेल आणि जुना दुरुस्त करणेच बरे का, हे जाणकारांनी सांगावे. वडील ८१ वर्षांचे आहेत. घाई नाही, पण फार उशीरही नको.

दौलताबाद_घाट

जुना एसएमपीएस टाकून द्या, त्यावर वेळ घालवू नका. चोवीस पिनांवरून सहा-सहाच्या दोन जोडांवर आणणारी तयार केबल ऑनलाइन मिळते. ती लावा आणि यंत्र चालू करा. ४५० वॉट या बोर्डाला गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

तांब्याची_तार

अंबाजोगाईत माझे टीव्ही आणि रेडिओ दुरुस्तीचे दुकान आहे, आणि नव्वदच्या दशकात असे बरेच एसएमपीएस या टेबलावर येऊन गेले आहेत. दौलताबाद_घाट यांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. केबल मिळते हे खरे, पण वॉटचा आकडा पाहून एसएमपीएस निवडणे ही या कामातली पहिली चूक आहे.

४८६ चा बोर्ड जवळजवळ सगळी वीज ५ व्होल्टच्या ओळीतून घेतो. १२ व्होल्ट मुख्यतः हार्डडिस्कच्या आणि फ्लॉपीच्या मोटरीला लागतात. पेंटियम ४ आल्यानंतर प्रोसेसरची वीज १२ व्होल्टवरून घेण्याची पद्धत आली, त्यामुळे नंतरच्या एसएमपीएसमध्ये बळ १२ व्होल्टकडे गेले. तुमच्या ४५० वॉटांतले ५ व्होल्टच्या वाट्याला किती आले, ते लेबलवर पाहा. तिथे १५ अँपिअर किंवा त्याहून जास्त लिहिले असेल तर प्रश्न नाही, कारण असे पूर्ण यंत्र डिस्कसकट साधारण ५०-६० वॉटांच्या आतच राहते.

आता जोडांविषयी. आयबीएमने १९८४ मध्ये पीसी-एटी काढला, त्यावरून या जातीच्या एसएमपीएसला एटी म्हणतात. त्याच्या दोन जोडांवर बहुतेक वेळा पी८ आणि पी९ असे छापलेले असते. पी८ मध्ये ओळीने नारिंगी, लाल, पिवळी, निळी, काळी, काळी. पी९ मध्ये काळी, काळी, पांढरी, लाल, लाल, लाल. दोन्ही जोड शेजारी शेजारी बसवताना चारही काळ्या तारा मधोमध एकत्र आल्या पाहिजेत. आमच्या वेळी शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी हेच सांगितले जाई, "काळ्याला काळी". दोन्ही जोडांचा आकार सारखाच असल्यामुळे त्यांची अदलाबदल होऊ शकते. तसे झाले की जिथे जमीन (ग्राउंड) हवी तिथे ५ व्होल्ट आणि जिथे ५ व्होल्ट हवेत तिथे जमीन येते, म्हणजे बोर्डावरच्या प्रत्येक आयसीला उलटी वीज मिळते. त्यातून बोर्ड वाचलेला मी पाहिलेला नाही.

तेरणाकाठ

काका, मनापासून आभार. लेबल पाहिले. +५ व्होल्टसमोर २४ अँपिअर, +१२ समोर १६, −१२ समोर ०.५ असे आहे. −५ व्होल्ट कुठेच लिहिलेले नाही. जुन्या एसएमपीएसच्या लेबलवर मात्र −५ व्होल्ट, ०.५ अँपिअर असे स्पष्ट आहे. याचे काय करायचे?

बालाघाट

थोडे थांबा. मदरबोर्डाच्या विजेआधी त्या हार्डडिस्कचा विचार करायला हवा. तुमची खरी ठेव ती आहे, बोर्ड नव्हे. डिस्क बाहेर काढा, आयडीई जोड (अशा जुन्या डिस्कांचा जोड) असलेल्या एखाद्या जुन्या डेस्कटॉपला लावा, आणि फायली एकेक करून न उतरवता सबंध डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, घ्या. यूएसबीवरून आयडीई करणारे स्वस्त अडॅप्टर एवढ्या जुन्या डिस्का पुष्कळदा ओळखतच नाहीत, म्हणून डेस्कटॉप म्हणतो आहे. २००५ च्या सुमाराचा कोणताही चालेल.

जिस्टवर टंकलेला मजकूर इस्की या सांकेतिक पद्धतीत असणार. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये तिला आयएस १३१९४ हा क्रमांक दिला. त्यात इंग्रजी अक्षरे १२७ पर्यंतच्या नेहमीच्या जागी राहतात आणि देवनागरी त्यांच्या वरच्या जागांत, १६१ पासून पुढे बसते. युनिकोडमधील देवनागरीचा क्रम १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेला असल्याने रूपांतर अवघड नाही. नुक्ता आणि जोडून आलेले दोन हलन्त एवढ्या ठिकाणी हाताने लक्ष घालावे लागते. तेव्हा माझ्या मते यादी वाचण्यासाठी हा बोर्ड चालू करण्याची गरजच नाही. न तपासलेल्या विजेवर वडिलांच्या सहा वर्षांच्या कामाची एकमेव प्रत लावणे मला फार धोक्याचे वाटते.

गोदातीर

बालाघाट यांच्याशी प्रतीच्या बाबतीत मी शंभर टक्के सहमत आहे, बोर्डाच्या बाबतीत नाही. मजकूर निघाला म्हणजे सगळे निघाले असे होत नाही. यादीत रकाने असतील, छपाईच्या आज्ञा असतील, कदाचित वडिलांनी रेघांच्या चिन्हांनी काढलेले गल्लीचे नकाशेही असतील, आणि ते मूळ प्रोग्रॅममध्ये, मूळ कार्डावरच जसे होते तसे दिसतील. शिवाय ज्यांनी ते टंकले ते अजून आपल्यात आहेत आणि त्यांचा हात त्या कळफलकाला सरावलेला आहे. इमेज आधी, हे नक्की; पण त्यानंतर बोर्डही उभा करावा.

आता −५ व्होल्ट. आयबीएमच्या पहिल्या पीसीवर १६ किलोबिटच्या मेमरी चिपा होत्या, त्यांना +५, +१२ आणि −५ अशा तीनही विजा लागत. तो काळ लवकर संपला. पुढच्या बोर्डांनी −५ ही ओळ फक्त आयएसए खाचांपर्यंत, म्हणजे कार्डे बसवण्याच्या खाचांपर्यंत, नेऊन ठेवली, एखाद्या कार्डाला हवी असेल तर असावी म्हणून. काही जुनी ध्वनी कार्डे ती वापरत. पुढे मागणीच राहिली नाही आणि २००३ च्या सुमारास एटीएक्सच्या, म्हणजे तुमच्या चोवीस पिनांच्या एसएमपीएसच्या जातीच्या, नियमांतून ती काढून टाकली गेली, म्हणून तुमच्या लेबलवर ती नाही. ४८६ च्या बोर्डाला स्वतःसाठी ती सहसा लागत नाही.

जिस्ट कार्डाला लागते की नाही, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. कार्ड बाहेर काढा आणि डागांची, म्हणजे सोल्डरची, बाजू स्वतःकडे करा. खाली सोनेरी बोटांची ओळ दिसेल. यंत्राच्या पाठीकडे जी पत्र्याची पट्टी येते, तिच्या बाजूने मोजायला सुरुवात करा. पहिले बोट जमीन, तिसरे +५, पाचवे −५, सातवे −१२, नववे +१२. पाचव्या बोटातून कोणतीही तांब्याची रेघ वर जात नसेल, किंवा ते बोटच नसेल, तर त्या कार्डाला −५ नको आहे. भिंग घ्या आणि उजेडात पाहा, कारण रेघ कधी कधी लगेच छिद्रातून दुसऱ्या बाजूला जाते. प्रत्येक कार्डासाठी हेच करा.

−१२ मात्र सोडू नका. सिरीयल पोर्ट आणि त्यावरचा जुना माऊस तिच्यावर चालतो.

पूर्णा_जंक्शन

मी सिग्नलच्या कामात नोकरी केली, त्यामुळे विजेच्या तारांशी रोजचा संबंध असे. तरीही याच कामात माझी एक चूक झाली. ती सांगतो, म्हणजे दुसऱ्याची टळेल.

मला तयार केबल मिळाली नव्हती, म्हणून मी एटीएक्सच्या तारा जुन्या जोडांना रंगाला रंग पाहून डाग देऊन जोडल्या. लाल, पिवळी, निळी, काळी या दोन्हीकडे सारख्याच आहेत. नारिंगी तशी नाही. एटीमध्ये नारिंगी तार म्हणजे पॉवर गुड, आणि एटीएक्समध्ये नारिंगी म्हणजे ३.३ व्होल्ट. एटीएक्सची पॉवर गुडची तार करड्या रंगाची, आठव्या पिनवर असते. मी नारिंगीला नारिंगी जोडली. बोर्ड जळला नाही, पण तो कधी चालू होई, कधी पडदा काळाच राही. कधी मेमरी मोजता मोजता मध्येच थांबे. तीन आठवडे मी मेमरीच्या पट्ट्या बदलत बसलो.

पॉवर गुडचे काम असे की सगळ्या विजा आपापल्या जागी स्थिर होईपर्यंत एसएमपीएस ही तार खाली धरून ठेवतो आणि मग एका सेकंदाच्या अंशानंतर तिला ५ व्होल्टवर नेतो. तोपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्ये अडवून ठेवतो. सिग्नल हिरवा होईपर्यंत गाडी होम सिग्नलवर उभी राहते, तसेच हे आहे. मी त्या जागी ३.३ व्होल्ट दिले, म्हणजे सिग्नल कायम हिरवाच ठेवला. वीज अजून चढत असतानाच प्रोसेसर धावू लागे, आणि मग कधी जमे, कधी न जमे.

चोवीस पिनांचा जोड कापणारच असाल तर आणखी एक गोष्ट. तेराव्या पिनवर नारिंगीबरोबर एक बारीक तपकिरी तार असते. ती ३.३ व्होल्टचे माप एसएमपीएसला परत कळवते. ती मोकळी सोडली तर एसएमपीएस चुकीच्या अंदाजाने चालतो किंवा चालतच नाही. जांभळी तार बंद यंत्रातही ५ व्होल्टवर जिवंत असते, तिला टेप लावा. कापण्यापेक्षा तयार केबल घेणे बरे, आणि ती लावण्याआधी तिच्यावरची प्रत्येक तार मल्टीमीटरने कुठून कुठे जाते ते तपासणे सर्वांत बरे.

ज्वारीचं_कणीस

तेरणाकाठ, तुम्ही "बोर्ड वरून स्वच्छ दिसतो" असे लिहिले आहे, त्यावरूनच मला काळजी वाटली. बोर्डाच्या कोपऱ्यात, बहुधा कळफलकाच्या जोडाजवळ, निळ्या रंगाची लहान पिंपासारखी ३.६ व्होल्टची बॅटरी आहे का पाहा. ती निकेल-कॅडमियमची असते आणि वीस-पंचवीस वर्षांत फुटतेच. आतला क्षार तांब्याच्या रेघा खातो. वरून हिरवट-पांढरी बुरशी दिसते, पण वाईट भाग हिरव्या रंगाच्या थराखाली असतो. माझ्या बोर्डाच्या कोपऱ्यावर सुईचे टोक फिरवले तेव्हा रेघ पापडासारखी उचलली गेली.

बॅटरी कापून काढा. डाग पडलेल्या भागावर पांढरे व्हिनेगर मऊ टूथब्रशने लावा, क्षार असल्यामुळे ते बुडबुडे काढून विरते. मग शुद्ध पाण्याने धुवा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि दोन दिवस सावलीत वाळू द्या. परभणीच्या मे महिन्यात मी उन्हात ठेवला होता. तसे करू नका, खाचांचे प्लॅस्टिक वाकडे होते. नवी बॅटरी म्हणून सीआर२०३२ लावायची असेल तर मध्ये डायोड हवाच, कारण हा बोर्ड बॅटरीला चार्ज करायला जातो आणि लिथियमची ती बॅटरी चार्ज करण्यासाठी नसते.

दुसरे म्हणजे टँटलम कंडेन्सर. पिवळ्या किंवा निळ्या थेंबाच्या आकाराचे असतात. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या बोर्डावर त्यांतला एखादा आतून शॉर्ट झालेला असू शकतो, विशेषतः +१२ आणि −१२ च्या ओळीवर, आणि वीज मिळताच तो फटाक्यासारखा पेटतो. कोणताही एसएमपीएस न लावता गोदातीर यांनी सांगितलेल्या बोटांच्या जागी, म्हणजे बोर्डाच्या रिकाम्या खाचेत, जमीन आणि प्रत्येक ओळ यांच्यातला रोध मोजा. जवळजवळ शून्य ओहम दिसला तर पुढे जाऊ नका.

तेरणाकाठ

ताई, तुमचे शब्द वाचून लगेच टॉर्च घेऊन बसलो. निळी बॅटरी आहे आणि फुटलेली आहे. खालचा भाग खरोखर हिरवट झाला आहे, मात्र सुई फिरवली तर रेघा अजून घट्ट आहेत. आज ती कापली, व्हिनेगरने साफ करून बोर्ड सावलीत ठेवला आहे. रोध उद्या मोजतो. डिस्कची इमेज भाच्याच्या जुन्या डेस्कटॉपवर घेतली. एकही खराब सेक्टर निघाला नाही. डिस्क आता कापडात बांधून कपाटात आहे. बालाघाट, तुमचे ऋण विसरणार नाही.

मांजरा

विषय थोडा बाजूला जाईल, पण तो याच कामाचा आहे. घरच्या अर्थिंगकडे लक्ष द्या. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, ते सर्वांना आठवत असेल. त्या वर्षी आमच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा इतका कोरडा पडला होता की मीठ-कोळसा असूनही काही उपयोग नव्हता. संगणकाच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येत आणि टेस्टर मंद पेटे. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याकडे छोटे कंडेन्सर लावलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मी वीज, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणसाला इजा सहसा होत नाही, पण अशा यंत्राला प्रिंटरची केबल लावताना पोर्ट जाऊ शकतो. माझा एक तसाच गेला. खड्ड्यात पाणी घाला, आणि केबली जोडायच्या त्या सगळी यंत्रे बंद असतानाच जोडा.

दौलताबाद_घाट

मांजरा यांचे बरोबर आहे. आमच्या मळ्यातल्या घरी संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की वीज १६०-१७० पर्यंत उतरते. तिथे एकाने "व्होल्टेज कमी येते" म्हणून जुन्या एसएमपीएसच्या मागचा लाल खटका ११५ वर केला होता. रात्री मोटारी बंद झाल्या आणि वीज २३० वर आली तेव्हा आवाज झाला.

तांब्याची_तार

त्या आवाजाचे कारण सांगतो. त्या एसएमपीएसमध्ये आत दोन मोठे कंडेन्सर एकामागे एक जोडलेले असतात. २३० च्या खटक्यावर दोघांवर मिळून सव्वातीनशे व्होल्ट बसतात. खटका ११५ वर नेला की तेच सर्किट वीज दुप्पट करते, आणि त्यात २३० आले तर दोघांवर मिळून साडेसहाशे होतात. कंडेन्सर प्रत्येकी २०० व्होल्टचे असतात, ते टिकत नाहीत. खटका २३० वरच असावा आणि वीज फार पडत असेल तर स्टॅबिलायझर लावावा.

हे सव्वातीनशे व्होल्ट यंत्राची पिन काढल्यावरही आत काही काळ शिल्लक राहतात. तेरणाकाठ, तुम्ही उंदराचे घर काढले तेव्हा तो बराच काळ बंद होता म्हणून निभावले. नुकत्याच बंद केलेल्या एसएमपीएसमध्ये बोट घालू नये, आणि ज्याला हे काम येत नाही त्याने तो उघडूच नये. जुना दुरुस्त करावा का, असे तुम्ही विचारले होते. मुताने आतली सर्किटची पट्टी खाल्ली असेल तर नको. त्यातल्या रेघा २३० व्होल्ट वाहतात आणि क्षार आत मुरलेला असतो.

जुन्या पेटीचा समोरचा खटका हाही धोक्याचा. एटीमध्ये तो २३० व्होल्टच तोडतो-जोडतो. एसएमपीएसमधून चार जाड तारा त्याच्याकडे येतात, आणि त्या चुकीच्या जोडल्या की फेज-न्यूट्रल सरळ एकत्र येतात. एटीएक्स लावल्यावर या तारा पूर्ण काढून टाका. तो खटका दाबला की दाबलेलाच राहतो, म्हणून तो एटीएक्सची हिरवी तार आणि कोणतीही काळी तार यांच्यामध्ये लावता येईल. हिरवी जमिनीला लागली की एसएमपीएस चालू, सुटली की बंद. एकाच खटक्यावर २३० ची तार आणि हिरवी तार अशा दोन्ही कधीही नकोत.

समजा कोणाच्या कार्डाला −५ हवेच असेल, तर ७९०५ ही तीन पायांची आयसी −१२ वरून ते देते. पण तिचे पाय ७८०५ सारखे नसतात. पहिला पाय जमीन, मधला आत येणारी वीज, तिसरा बाहेर जाणारी. मागचा पत्रा मधल्या पायाला जोडलेला असतो, म्हणजे त्यावर −१२ असतात, तो पेटीला टेकता कामा नये. कंडेन्सरचे अधिक टोक जमिनीकडे. हे न पाहता ७८०५ समजून लावणारे शिकलेले इंजिनियरही मी पाहिले आहेत.

गोदातीर

बोर्ड लावण्याआधी नुसता एसएमपीएस तपासा, पण रिकामा नको. बऱ्याच एसएमपीएसना ५ व्होल्टवर थोडा तरी भार लागतो. ५ ओहम, १० वॉटचा सिरॅमिक रोध लाल आणि काळ्या तारेत लावला की एक अँपिअर जातो. तो तापतो, म्हणून फरशीवर ठेवा. तसेच २००८ च्या सुमाराच्या साध्या एसएमपीएसमध्ये ५ आणि १२ व्होल्ट एकाच नियंत्रणावर चालतात. ५ वर भार आणि १२ रिकामे अशी स्थिती आली तर १२ फुगतात आणि ५ खाली बसतात. त्यामुळे १२ वरही काहीतरी चालू असू द्या, एखादी निकामी डिस्क पुरते. वडिलांची डिस्क यासाठी वापरू नका.

+५ ची मर्यादा ४.७५ ते ५.२५. +१२ ची ११.४ ते १२.६. −१२ ला १० टक्के सूट आहे, म्हणजे १०.८ ते १३.२. यांच्या बाहेर काही दिसले तर तो एसएमपीएस दुसऱ्या कामाला ठेवा.

बालाघाट

मी आधी बोर्डाच्या विरोधात लिहिले होते, ते मागे घेतो. इस्कीच्या दोन फायली तेरणाकाठ यांनी मला नमुन्यासाठी पाठवल्या. मजकूर युनिकोडमध्ये नीट उतरला, पण गोदातीर म्हणाले तसेच झाले. मध्ये मध्ये रेघांच्या चिन्हांच्या जागी निरर्थक अक्षरे आली, आणि तिथे गल्ल्यांचे नकाशे होते हे रचनेवरून कळते. ते मूळ पडद्यावर पाहिल्याशिवाय मला दुरुस्त करता येणार नाहीत.

तेरणाकाठ

उशिरा लिहितो आहे, पण सगळे करून मगच लिहायचे ठरवले होते.

जिस्ट कार्डाच्या पाचव्या बोटाला रेघ नाही. भिंगातून तीनदा पाहिले, आणि डिस्प्ले कार्ड व पोर्टांचे कार्ड यांचेही तसेच. त्यामुळे −५ चा प्रश्न मिटला. रोध मोजला तेव्हा +१२ च्या ओळीवर फक्त २ ओहम आले. पहिल्या खाचेजवळचा एक पिवळा टँटलम शॉर्ट होता. अंबाजोगाईच्या काकांकडे बोर्ड घेऊन गेलो. त्यांनी तो काढून नवा लावला आणि पैसे घेतले नाहीत. त्यांच्याच टेबलावर केबलीतली प्रत्येक तार मल्टीमीटरने तपासली. करडी तार पी८ च्या पहिल्या पिनवर जाते, हे आधी पाहिले. हिरवी तार जुन्या खटक्याला जोडली, २३० च्या चारही तारा काढून टाकल्या.

घरी आल्यावर अर्थिंगच्या खड्ड्यात चार घागरी पाणी ओतले. पहिल्यांदा फक्त बोर्ड, मेमरी, डिस्प्ले कार्ड आणि एक निकामी डिस्क एवढेच लावले. खटका दाबला, एक बीप आली आणि मेमरी मोजू लागली. तारखेत १९८० दिसले, कारण बॅटरी नाही. मापे अशी आली: +५ वर ५.०४, +१२ वर ११.९१, −१२ वर ११.२. दहा मिनिटे चालू ठेवून एसएमपीएसला आणि बोर्डावरच्या आयसींना हात लावून पाहिले. प्रोसेसर कोमट, बाकी सगळे थंड. मग बंद करून जिस्ट कार्ड आणि डिस्क लावली.

वडिलांना खुर्ची देऊन समोर बसवले. देवनागरी पडद्यावर आली तेव्हा ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसून त्यांनी दुसऱ्या गल्लीचा नकाशा उघडला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, आड डाव्या हाताला होता, मी उजव्या हाताला दाखवला आहे. मग स्वतःच कळफलक पुढे ओढून त्यांनी तो दुरुस्त केला. बोटे थरथरत होती, पण एकही अक्षर शोधावे लागले नाही. बदललेली फाइल लगेच फ्लॉपीवर घेतली आहे, आणि नकाशांचे पडद्यावरून फोटो काढून बालाघाट यांना पाठवत आहे.

ज्वारीचं_कणीस

वडिलांना माझा नमस्कार सांगा. आणि सीआर२०३२ डायोडसकट बसवा, नाहीतर फायलींवर चुकीच्या तारखा पडतील आणि कोणती दुरुस्ती आधीची, कोणती नंतरची ते कळणार नाही.

तांब्याची_तार

टँटलम नवा आहे, पण त्याच ओळीवरचे बाकीचे जुनेच आहेत. यंत्र दोन तास सलग चालल्यावर +१२ आणि −१२ ची मापे पुन्हा घ्या आणि इथे लिहा. तोपर्यंत रोजच्या कामाला वडिलांची मूळ डिस्क लावू नका. इमेज दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि ती लावा.